कुंपण आहे, बीएसएफ आहे, तरी बांगलादेशातून माणसं येतात कशी? बंगाल बॉर्डरवर नऊ वर्षं काढलेल्याचं उत्तर

प्रश्न असा आलाय की सीमेवर काटेरी कुंपण आहे, फ्लडलाइट आहेत, बीएसएफ आहे, तरी बांगलादेशातली माणसं भिवंडी-पुण्यापर्यंत पोचतातच कशी, जवान पैसे खातात का सरळ? शेवटचं वाक्य वाचून आधी डोकं तापलं, मग म्हटलं विचारणाऱ्याचं काय चुकलं, लांबून बघणाऱ्याला हाच प्रश्न पडणार. मी बीएसएफमधून रिटायर झालोय, मूळचा सातारा जिल्ह्यातला, नोकरीतली नऊ वर्षं बंगालच्या बॉर्डरवर गेली, जास्त करून नदिया आणि उत्तर २४ परगणा, मधे थोडे दिवस मालदा. पंजाब-जम्मूचं मला विचारू नका, तिथं रात्री तारेजवळ माणूस दिसला तर त्याचा अर्थ वेगळा असतो आणि बंगालमध्ये वेगळा असतो, तो कसा ते पुढं येईलच.

पैशाचं आधी उरकतो. खाणारे आहेत. २०२० मध्ये गुरांच्या तस्करीच्या केसमध्ये सीबीआयनं बीएसएफच्या एका कमांडंटलाच अटक केली होती, पेपरात सगळं आलं होतं, त्यामुळं आमच्यात कोण तसला नाहीच असं मी म्हणणार नाही. पण सगळा धंदा जवानाच्या खिशावर चालतो हे जे लोकांना वाटतं ना ते खरं नाही, कारण जवान काही वर्षांत बदलून जातो आणि धंदा तिथंच राहतो, आणि खरं सांगायचं तर दलालाला दर वेळी जवान विकत घ्यायची गरजच पडत नाही. त्याला फक्त जवान आत्ता कुठं उभा आहे एवढं कळलं की झालं.

आता ते कुंपण. लोकांच्या डोक्यात असं चित्र असतं की तार म्हणजे बॉर्डर, तारेच्या अलीकडं भारत आणि पलीकडं बांगलादेश. तसं नाहीये. १९७५ मध्ये दोन्ही देशांत ठरलं की खऱ्या सीमेपासून १५० यार्डाच्या आत कुणी संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, म्हणून आपली तार बहुतेक ठिकाणी झिरो लाइनपासून, म्हणजे त्या खऱ्या सीमेपासून, १५० यार्ड, म्हणजे १३७ मीटर, किंवा त्याहून जास्त आत आपल्याच जमिनीत आहे. म्हणजे तारेच्या पलीकडं पण भारतच. तिथं आपल्या शेतकऱ्यांची शेतं आहेत, काही ठिकाणी घरं आहेत, अख्ख्या वस्त्या आहेत. त्यासाठी तारेत गेट आहेत, दिवसातून ठराविक वेळेला उघडतात, शेतकरी येतो, ओळखपत्र जमा करतो, रजिस्टरला नाव लागतं, बैल, नांगर, जेवणाचा डबा, खताची पोती सगळं तपासून पलीकडं सोडायचं आणि संध्याकाळी परत मोजून आत घ्यायचं. मी गेट ड्युटी भरपूर केली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला एकदा विचारलं होतं, दादा, मी माझ्याच वावरात जातोय, रोज कार्ड कशाला दाखवू? काय उत्तर देणार. आपल्याकडं कुणाला बांधावर जायला रजिस्टरला सही करायला लावली तर पहिल्याच दिवशी डोकी फुटतील.

आणि ही सीमा किती लांब, तर ४,०९६ किलोमीटर. त्यातली २,२१७ एकट्या बंगालला. साधारण ३,२०० किलोमीटरला तार झाली आहे, उरलेल्यात काही ठिकाणी जमीन मिळत नाही आणि काही ठिकाणी तार घालणंच शक्य नाही, नदी आहे, दलदल आहे, किंवा गावच सीमेला चिकटून आहे. १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी रॅडक्लिफ या इंग्रज वकिलानं नकाशावर रेघ मारली तेव्हा ती घरांमधून, तळ्यांमधून गेली, तिकडं हिलीसारख्या ठिकाणी जाऊन बघा, घरांच्या मागच्या भिंतीशी दुसरा देश सुरू होतो. एका देशाच्या पोटात दुसऱ्याचे तुकडे असायचे, भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि त्यांचे ५१ आपल्याकडं, तो गुंता सुटायला २०१५ चा जुलै संपावा लागला.

मग जिथं जागा नाही तिथं १५० यार्डाच्या आत एकेरी तार घालू म्हटलं तर समोरून बीजीबी, म्हणजे त्यांचं बॉर्डर गार्ड, येऊन काम थांबवतं. जानेवारी २०२५ मध्ये मालद्याच्या सुकदेवपूरला हेच झालं, दोन्हीकडचे गावकरी पण समोरासमोर आले आणि शेवटी ढाक्याला आपल्या हायकमिशनरला बोलावून घेण्यापर्यंत प्रकरण गेलं. तारेचा एक खांब रोवायला एवढं सगळं.

माणसांचं गणित पण समजून घ्या. एक बीओपी म्हणजे बॉर्डरवरची चौकी, तिच्याकडं साधारण साडेतीन-चार किलोमीटरचा पट्टा. कागदावर संख्या चांगली दिसते, पण त्यातून सुट्टीवरचे काढा, आजारी काढा, कोर्सला गेलेले, कोर्टात साक्षीला गेलेले, इलेक्शन ड्युटीला पाठवलेले, स्वयंपाकी, रेडिओवाला काढा, मग रात्री तारेवर किती उरतात ते बघा. दोन जवानांच्या मधे कधी तीनशे मीटर, कधी त्याच्याही वर. धुकं नसेल तर ठीक आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथं असलं धुकं पडतं की हातातली टॉर्च लावली की समोर नुसती पांढरी भिंत दिसते, फ्लडलाइट असून नसल्यासारखे. आणि जून ते ऑगस्ट ताग. आपल्याकडं ज्यानं उसात हरवलेली म्हैस शोधली असेल त्याला कळेल मी काय म्हणतोय, फक्त ऊस सरीत असतो, ताग नुसता दाट, माणसाच्या डोक्यावर दोन-तीन फूट जातो आणि आत दहा माणसं बसली तरी पान हलत नाही. शेतकऱ्यांना विनंती करून झाली की तारेजवळ ताग लावू नका, दुसरं काही लावा, पण तागाला बाजार आहे, तो का ऐकेल. म्हणून या धंद्याला दोन सीझन, एक धुक्याचा आणि एक तागाचा, आणि बकरी ईदच्या आधीचे दिवस वेगळेच.

आता माल काय काय जातो-येतो. इकडून तिकडं गुरं, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या (त्यात कोडीन असतं, तिकडं दारूवर बंधनं म्हणून नशेला तेच), आणि तिकडून इकडं सोनं. गुरांचा धंदा मी गेलो तेव्हा जोरात होता, नंतर कमी झाला, एक तर आपल्याकडं कडक झालं आणि दुसरं म्हणजे बांगलादेशानं स्वतःच गुरं वाढवली, हे दुसरं कारण कुणी सांगत नाही कारण त्यात कुणाची मर्दुमकी नाही. पावसाळ्यात गंगेला पाणी चढलं की गुरांना केळीचे बुंधे बांधून प्रवाहात सोडायचे, २०१९ च्या पावसाळ्यात तर काही जनावरांच्या गळ्यात गावठी बॉम्ब बांधलेले सापडले, म्हणजे जवान पकडायला गेला की फुटावा. मुक्या जनावराचे डोळे सुती दोरीनं शिवलेले पण बघितलेत मी, अंधारात बुजू नये म्हणून. शेतकऱ्याचं पोरगं आहे मी, ते दिवस आठवायला नको वाटतात.

सोन्याचं मात्र डोकं लावतात. बिस्कीट असतं ११६ ग्रॅमचं, म्हणजे जुन्या हिशेबानं दहा तोळे. ते विळ्याच्या मुठीत, सायकलच्या नळीत, मोटरसायकलच्या एअर फिल्टरमध्ये, कमरेच्या पट्ट्यात आणि पोटात सुद्धा. आपल्याकडं सोन्यावरची ड्युटी वाढली की आमच्याकडं पकडलेली बिस्किटं वाढायची, दिल्लीतलं बजेट आम्हाला गेटवर कळायचं. आणि नेणारा कोण, तर तोच गरीब शेतकरी किंवा कॉलेजचं पोरगं, एका फेरीचे काहीशे रुपये मिळतात, लाखोंचा माल अंगावर आणि मालक कोण हे त्याला खरंच माहीत नसतं. त्याला एक फोन येतो, अमक्या झाडाखाली ठेव म्हणून, तेवढंच.

माणसांची ने-आण पण अशीच चालते आणि इथं तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. उत्तर २४ परगण्यात बनगावच्या बाजूला चोरून पार करायच्या माणसाला "धूर" म्हणतात, "आज रात्री पाच धूर आहेत" असं बोलायचं. पार करायच्या जागेला घाट, मग तिथं नदी असो नसो, आणि घाट चालवणारा तो घाटमालिक. त्याच्या हाताखाली लाइनमॅन, त्याचं काम एकच, जवानांवर नजर ठेवायची. चहाच्या टपरीवर बसलेला म्हातारा, गोट्या खेळणारी पोरं, तळ्यावर कपडे धुणारी बाई, यातलं कुणीही लाइनमॅन असू शकतं. आम्ही नाक्यासाठी, म्हणजे रात्री दबा धरून बसायला, बीओपीतून बाहेर पडलो की दोन मिनिटांत फोन जातो, एवढेजण गेले, इकडं वळले. मग आम्हीपण शिकलो, पाच जणांनी निघायचं, रस्त्यात दोघांनी गुपचूप केळीत बसायचं आणि तिघांनी मोठ्यानं बोलत पुढं जायचं. कधी जमायचं, बऱ्याच वेळा नाही. आता ड्रोन आणि थर्मल कॅमेरे आलेत, आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रेच्या पट्ट्यात २०१९ पासून सेन्सर लावलेत, फायदा होतो, नाही असं नाही. पण कॅमेरा दाखवतो, पळून पकडायला माणूसच लागतो आणि त्याच्या पायात गमबूट आणि खाली चिखल.

मला विचाराल तर पैसे लावून झालेला सगळ्यात हुशार उपाय म्हणजे मधमाश्या. खरंच. २०२३ च्या शेवटी नदियात ३२ बटालियननं तारेला मधमाश्यांच्या पेट्या लावल्या, म्हणजे तार कापायला कुणी आला की माश्या उठणार, आणि मध गावातल्या लोकांना. मी तेव्हा नव्हतो पण ऐकून बरं वाटलं, कारण सीमेवर गाव तुमच्या बाजूला नसेल तर तुम्ही आंधळे आहात, आणि गावाला आजपर्यंत आम्ही दिलं काय, तर झडती आणि गेटचं रजिस्टर.

एक रात्र सांगतो. इछामती नदीच्या जवळ, थंडी, पहाटे तीनच्या सुमाराला नाक्यावर सहा जण सापडले, दोन पुरुष, तीन बायका, एक सात-आठ वर्षांची पोरगी. बसवलं, नावं विचारायला लागलो, माझं बंगाली कामचलाऊ. माझ्या जोडीदाराला मी काहीतरी मराठीत म्हणालो, तो नांदेडचा होता, आणि त्यातली एक बाई एकदम उठून म्हणाली, "दादा, तुम्ही मराठी आहात का? सोडा ना हो, आई गेलीय माझी." मी गारच पडलो. पुण्यात अकरा वर्षं घरकाम केलेलं, बोली एकदम कोथरूडच्या जिन्यात ऐकू येते तशी, आणि पोरगी तर तिथलीच जन्मलेली, मराठी शाळेत जाणारी, ती आईला विचारत होती हे पोलीसकाका का ओरडतायत. आणि लक्षात घ्या, ही माणसं येत नव्हती, जात होती. हे पण लोकांना माहीत नसतं, आम्ही पकडायचो त्यात परत जाणारे भरपूर असायचे. येताना चोरून आले म्हणजे जाताना पण चोरूनच जावं लागतं, ईदला, लग्नाला, मयताला.

सोडलं का? नाही सोडलं. कंपनी कमांडर साहेबांना रिपोर्ट दिला, पोलीस ठाण्यात जमा केलं, कारण बीएसएफला पकडायचा, झडतीचा, जप्तीचा अधिकार आहे, तपास करून खटला चालवायचा नाही, तो पोलिसांचा. २०२१ मध्ये बीएसएफची हद्द सीमेपासून १५ वरून ५० किलोमीटर केली त्यावर बंगालमध्ये एवढा गदारोळ झाला, पण पकडून शेवटी पोलिसांकडंच द्यायचं हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. त्या पोरीला बिस्किटाचा पुडा दिला तेवढंच. पुढं काय झालं आम्हाला कळत नाही, कधीच कळत नाही.

साधारण काय होतं ते मात्र सांगू शकतो. आधी फॉरेनर्स ॲक्ट लागायचा, १ सप्टेंबर २०२५ पासून चार जुने कायदे मोडीत काढून नवीन इमिग्रेशन कायदा आलाय, पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आलात तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोर्ट, शिक्षा, मग जेल. शिक्षा संपली की सुटका व्हायला पाहिजे, पण बांगलादेशानं हा आमचाच नागरिक म्हणून पत्त्याची खात्री करून दिल्याशिवाय पाठवता येत नाही, म्हणून बंगालच्या जेलमध्ये शिक्षा भोगून झालेले कैदी तसेच बसून राहतात, त्यांना तिथं "जान खलास" म्हणतात. नाव ऐका फक्त.

दलालाला मात्र यातलं काहीच होत नाही, कारण तो तारेजवळ येतच नाही. सहा जण पकडले की घाटमालिकाचं सहा जणांचं भाडं बुडालं, बास. उद्या दुसरे सहा. सगळ्यात स्वस्त माणूस आम्ही पकडायचो आणि पेपरला फोटो यायचा, हे माझं नऊ वर्षांचं मत.

आता एक गोष्ट जिच्यावर मला जास्त बोलायचंय. रात्री पकडलेल्या घोळक्यात तीन प्रकारची माणसं एकत्र असतात, कामासाठी स्वतःहून निघालेला, माल नेणारा, आणि विकायला चाललेली पोरगी. तिघं दिसायला सारखी, कपडे ओले, पायाला चिखल. पहिला कायदा मोडतोय, तिसरीवर गुन्हा होतोय, आणि हे ओळखायला तुमच्याकडं फार वेळ नसतो. सुरुवातीला आम्हाला कुणी हे शिकवलंच नव्हतं, सगळ्यांना एका दोरीत ओवायचं. नंतर एनजीओवाल्या ताई येऊन ट्रेनिंग द्यायला लागल्या, बीएसएफनं मानवी तस्करीविरोधी युनिट काढली, महिला जवान आल्या, त्यानं फार फरक पडला. मी काय बघायचो ते सांगतो. पोरीला बाजूला घ्यायचं आणि कुठं चाललीस विचारायचं. जी आधी येऊन गेलीय किंवा जिचा भाऊ-नवरा इथं आहे ती सांगते कल्याण, भिवंडी, स्टेशनचं नाव, मुकादमाचं नाव. विकायला चाललेली नुसतं "बॉम्बे" म्हणते किंवा "पार्लरमध्ये काम आहे" म्हणते, कुठलं पार्लर माहीत नाही, फोन तिच्याकडं नसतो, बरोबरच्या "मावशी"कडं असतो, आणि प्रश्न पोरीला विचारला की उत्तर मावशी देते. मावशीनं दोनदा मधे तोंड घातलं की माझं ठरायचं. २०२१ मध्ये बेंगळुरूतल्या बांगलादेशी मुलीच्या छळाचा व्हिडिओ आला होता तो आठवत असेल, त्या टोळीनं पोरी टिकटॉकच्या ग्रुपमधून गोळा केल्या होत्या. गावात दलाल पाठवायची पण गरज उरली नाही.

गोळीबाराचं विचारणारे असतात, ते टाळत नाही. जानेवारी २०११ मध्ये पंधरा वर्षांची फेलानी खातून कूचबिहारच्या बाजूला तार ओलांडताना गोळी लागून मेली आणि तिचा मृतदेह तारेवर लटकलेला फोटो जगभर गेला. ती बापाबरोबर भारतातून घरी चालली होती, लग्न ठरलं होतं तिचं. त्या सुमारापासून आमच्याकडं पंप ॲक्शन गन म्हणजे रबरी गोळ्यांच्या बंदुका वाढवल्या आणि ऑर्डर कडक झाली की जिवावर बेतल्याशिवाय इन्सास रायफल उचलायची नाही. त्यात जवान पण मार खातात, धुक्यात दाव म्हणजे तिकडचा कोयता घेऊन वीस-वीस जण अंगावर येतात, माझ्या एका सहकाऱ्याच्या मनगटावर बसलेला वार मी स्वतः बांधलाय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी म्हणालो ना पंजाबसारखं नाही, इथं तारेवर दिसलेला माणूस बहुतेक वेळा पोटासाठी आलेला असतो आणि हे डोक्यात ठेवूनच बोट ट्रिगरवर ठेवावं लागतं.

आता महाराष्ट्रापर्यंत पोचतात कसे. तार पार झाली की काम संपलं असं नाही, उलट सुरू झालं. घाटाजवळच्या घरात कपडे बदलायचे, टोटोनं म्हणजे ई-रिक्षानं बनगाव स्टेशन, तिथून लोकलनं सियालदह, मग हावड्याहून मुंबईची गाडी. लोकलमध्ये बसला की तो बंगाली बोलणारा अजून एक माणूस, आपल्या नदियातला आणि पलीकडच्या बांगलादेशातल्या कुष्टियातला माणूस बोलायला जवळजवळ सारखाच, मला तर नऊ वर्षांनी पण फरक कळायचा नाही. मग कागद, कुणाच्या तरी पत्त्यावर आधार, त्यावरून बाकीचं. हे कागद काही तारेजवळ बनत नाहीत, ते बनवणारा तुमच्या आमच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसलेला असतो.

आणि याच कारणानं नुसत्या भाषेवरून माणूस ओळखायला जाऊ नका. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणारी मुर्शिदाबादकडची काही माणसं बांगलादेशी म्हणून धरली, सीमेवरून पलीकडं ढकलली आणि मग ती भारतीयच निघाली म्हणून फ्लॅग मीटिंग, म्हणजे दोन्हीकडच्या सीमादलांची बैठक, करून परत आणावी लागली. बीरभूमच्या एका गरोदर बाईला दिल्लीतून उचलून असंच पाठवलं होतं, सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन डिसेंबरात ती परत आली. मी वर्दीतला माणूस आहे, घुसखोराला परत पाठवायलाच पाहिजे या मताचा आहे, पण कोर्टातून, पत्ता तपासून. रात्रीत ढकलायचं म्हणजे आपण पण घाटमालिकाचाच रस्ता वापरला की.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगालमध्ये मतदार याद्यांची फेरतपासणी सुरू झाली तेव्हा स्वरूपनगरजवळ हाकिमपूर चेकपोस्टला माणसांची रांग लागली होती, बोचकी, पोरं, भांडी घेऊन, आम्हाला परत जाऊ द्या म्हणून. टीव्हीवर बघत होतो. त्या भागातला रस्ता माझ्या पायाखालचा. आमच्या वेळेला याच माणसांना आम्ही तागात शोधायचो.

तुम्ही घर भाड्यानं देत असाल किंवा कामाला बाई ठेवत असाल तर पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरा, कंटाळा करू नका, त्यात खऱ्या बंगालमधल्या माणसाचंपण संरक्षण आहे. आणि शेजारी एखादी लहान पोरगी एकदम आली, शाळेत जात नाही, फोन तिच्याकडं नाही, तिच्या वतीनं दुसरंच कुणी बोलतंय असं दिसलं तर ती कुठल्या देशाची याच्या फंदात न पडता आधी १०९८ ला किंवा ११२ ला फोन करा. मावशीला विचारायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी खोली रिकामी असेल.